दिसणाऱ्यांचं वर्गमूळ

"मॅडम, आमच्या दोन्ही घरांत आठवतंय तिथपर्यंत कुणालाच असं काही नव्हतं. मग हे आलं कुठून?"

विचारणारा माझा जुना विद्यार्थी. त्याची मुलगी तेव्हा जेमतेम तीन आठवड्यांची होती. जन्मानंतर बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे काही थेंब टिपकागदावर घेतात, त्या तपासणीत तिला फिनाइलकीटोन्युरिया निघाला होता. शरीरातलं एक विकर काम करत नाही, त्यामुळे फिनाइलअॅलानिन नावाचं अमिनो आम्ल रक्तात साठत जातं आणि मेंदूला इजा करतं. लवकर कळलं आणि आहार सांभाळला, तर मूल नीट वाढतं. डॉक्टरांनी हे सगळं त्याला शांतपणे समजावलं होतं आणि त्याला ते समजलंही होतं. राहिला होता तो हा एकच प्रश्न. घरात दोन्हीकडची माणसं एकमेकांशी जपून बोलायला लागली होती. 'आमच्याकडून नाही' हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं, पण ते सगळ्यांच्या चेहऱ्यावर होतं, असं तो म्हणाला.

टेबलावर एक जुनं पाकीट पडलं होतं. मी ते उलटं केलं आणि लिहिलं : १०,००० मध्ये १. हा आकडा प्रत्येक समाजात वेगळा असतो, पण हिशेबाला सोपा म्हणून तोच धरला. त्याखाली वर्गमूळ : १०० मध्ये १. त्याखाली दुप्पट : ५० मध्ये १.

"हा तिसरा आकडा कुणाचा?" त्याने विचारलं.

"तुझ्यासारख्यांचा," मी म्हटलं. "सदोष जनुकाची एकच प्रत अंगात घेऊन, पूर्ण निरोगी, काहीही पत्ता नसलेल्या माणसांचा. त्यांना वाहक म्हणतात."

तो बराच वेळ पाकिटाकडे बघत राहिला. हा धडा मी त्याला वर्गात शिकवला होता. त्याने तो परीक्षेत लिहिलाही असेल. पण त्या दिवशी त्या तीन ओळी त्याने पहिल्यांदा वाचल्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

वर्गात मी हा विषय बटणांनी शिकवते. खोक्यात १०० बटणं : ९० पांढरी, १० काळी. पांढरं म्हणजे जनुकाची चांगली प्रत, काळं म्हणजे सदोष. खोक्यात बघायचं नाही. एक बटण काढायचं, रंग लिहायचा, बटण परत टाकायचं, खोका हलवायचा, मग दुसरं काढायचं. दोन्ही मिळून एक माणूस झाला. एक प्रत आईकडची, एक बापाकडची. दोन्ही पांढरी येण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, म्हणजे १०० मध्ये ८१. दोन्ही काळी येण्याची ०.१ गुणिले ०.१, म्हणजे १०० मध्ये १. मिश्र जोडी मात्र दोन वाटांनी येते. आधी पांढरं मग काळं, किंवा आधी काळं मग पांढरं. म्हणून दोनदा ०.०९, म्हणजे १८. पांढऱ्याचं प्रमाण पी आणि काळ्याचं क्यू म्हटलं, की हेच पाठ्यपुस्तकातलं पी² + २पीक्यू + क्यू² = १. मुलांना हे सूत्र आठवीपासून पाठ असतं. ते माणसांच्या जोड्यांबद्दलही काही सांगतं, हे मात्र बटण हातात आल्याशिवाय त्यांना पटत नाही.

त्या मधल्या २पीक्यूतला '२' मुलं हमखास विसरतात. मी त्यासाठी कधी रागावत नाही. दोन वाटा आहेत हे डोक्याला सांगून कळत नाही. पाच-पन्नास जोड्या काढून झाल्या, की हातालाच कळतं.

आता काळ्याचं प्रमाण कमी करत जा. १०० मध्ये १० काळी असताना एका काळ्या-काळ्या जोडीमागे १८ मिश्र जोड्या येतात. १०० मध्ये एकच काळं असेल, तर काळी-काळी जोडी १०,००० मध्ये १ आणि मिश्र जोड्या १९८. आजार जितका दुर्मिळ, तितके एका आजारी माणसामागे वाहक जास्त. मला या विषयातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते. आपल्या मनाचा कल नेमका उलटा असतो. 'हे फारच दुर्मिळ आहे' असं ऐकलं, की आपण ते स्वतःपासून लांब ठेवतो. प्रत्यक्षात त्या जनुकाच्या जवळजवळ सगळ्या प्रती निरोगी माणसांच्या अंगात असतात. १०,००० माणसांत काळी बटणं २००. त्यांतली दोन त्या एका आजारी माणसाकडे, आणि उरलेली १९८ अशा लोकांकडे ज्यांना कधी काही होणार नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका मुलीने विचारलं होतं, "मॅडम, गुण प्रभावी असेल तर तो पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाणार ना? शेवटी तीन-चतुर्थांश लोकांत दिसणार?" प्रभावी म्हणजे एकाच प्रतीनेही दिसणारा; अप्रभावी गुण दिसायला दोन्ही प्रती लागतात. मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. चूक उत्तर होतं. मेंडेलच्या वाटाण्यांतलं ३:१ डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं, की ते एका विशिष्ट संकराचं गुणोत्तर आहे, लोकसंख्येचं नाही, हे सुटून जातं. पुढच्या तासाला मी तिची माफी मागितली आणि फळ्यावर सगळं नव्याने मांडलं.

पुढे वाचताना कळलं, की १९०८ साली लंडनमध्ये हाच प्रश्न मोठमोठ्या लोकांसमोर आला होता. आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनल्ड पनेट यांनी रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये मेंडेलच्या नियमांवर व्याख्यान दिलं. त्यावरच्या चर्चेत संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी मुद्दा काढला. बोटं आखूड असण्याचा गुण प्रभावी आहे, मग आखूड बोटांची माणसं वाढत का नाहीत, असा त्या मुद्द्याचा अर्थ घेतला गेला. पनेट यांना तिथल्या तिथे नीट उत्तर देता आलं नाही. केंब्रिजला परतल्यावर त्यांनी ते कोडं जी. एच. हार्डी या गणितज्ञासमोर ठेवलं. दोघं एकत्र क्रिकेट खेळत. हार्डींना त्यात कोडं असं काही दिसलंच नाही. पाढ्यांच्या तोडीचं गणित पुरे, अशा शब्दांत त्यांनी 'सायन्स' या नियतकालिकाला छोटं पत्र लिहिलं, ते त्या वर्षीच्या जुलैत छापून आलं. जोडीदार या गुणाकडे न बघता जुळत असतील आणि बाकी काही ढवळाढवळ नसेल, तर एका पिढीत तिन्ही प्रमाणं ठरतात आणि तिथेच राहतात. प्रभावी असणं म्हणजे दिसणं. वाढणं नव्हे.

त्याच वर्षी १३ जानेवारीला, हार्डींच्या कित्येक महिने आधी, जर्मनीत स्टुटगार्टला विल्हेल्म वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी हीच मांडणी व्याख्यानात केली होती. ते दिवसभर रुग्ण बघत, बाळंतपणं करत, आणि उरलेल्या वेळात जुळ्यांच्या नोंदींवर गणित करत. त्यांचं काम जर्मनमध्ये राहिलं. १९४३ मध्ये आनुवंशशास्त्रज्ञ कर्ट स्टर्न यांनी त्याकडे लक्ष वेधलं, तेव्हापासून दोघांची नावं जोडून 'हार्डी-वाइनबर्ग नियम' म्हणतात. मला वाइनबर्ग जास्त जवळचे वाटतात. त्यांच्यासमोर आई-बाप बसलेले असायचे. त्यांनाही कुणीतरी 'हे आलं कुठून' असं विचारलं असेलच.

या हिशेबात एक सापळा आहे आणि त्यात हुशार मुलंही अडकतात. गणित असं असतं : लोकसंख्येत ८४ टक्के लोकांत प्रभावी गुण दिसतो, तर तिन्ही जीनोटाइपांची, म्हणजे प्रतींच्या तिन्ही जोड्यांची, प्रमाणं काढा. मुलं धाडकन ०.८४ चं वर्गमूळ घेतात, ०.९२ च्या आसपास, आणि पुढे सगळं चुकतं. कारण ८४ हा एक गट नाही. त्यात दोन प्रतींवाले आणि एका प्रतीवाले मिसळलेले आहेत आणि डोळ्यांना ते वेगळे दिसत नाहीत. शुद्ध गट एकच, तो उरलेल्या १६ चा. त्यांच्याबद्दल शंका नाही, त्यांच्याकडे दोन्ही प्रती अप्रभावीच आहेत. म्हणून वर्गमूळ त्यांचं घ्यायचं : ०.४. मग पी आला ०.६, आणि प्रमाणं ३६, ४८, १६. जे स्वतः झाकले जात नाहीत तेच मोजायचे, आणि त्यांच्या आधाराने झाकलेल्यांपर्यंत पोहोचायचं.

पण हा आधार किती पक्का? एका वर्षी मुलांनी २०० जोड्या काढल्या आणि काळी-काळी जोडी एकही आली नाही. दोन यायला हव्या होत्या. शून्य येणं अगदी अशक्य नाही, सात-आठ वर्गांत एखाद्या वेळी होणारच. मुलं म्हणाली, शून्याचं वर्गमूळ शून्य, म्हणजे काळं बटण खोक्यात नाहीच. आणि समोर मिश्र जोड्यांची ही रांग लागलेली! त्या दिवशी जे शिकवून झालं ते कुठल्याही धड्यात मला करता आलं नसतं. दुर्मिळ अप्रभावी गुणावरून काढलेला क्यू हा थोड्या माणसांवर उभा असतो, त्यामुळे नमुना लहान असला की तो फार हलतो. सगळी बटणं दिसत असतील आणि सरळ मोजता येत असतील, तर त्याच २०० जोड्यांतून येणाऱ्या अंदाजातली चूक निम्म्याहूनही कमी होते. काही गुणांत तशी सोय असतेच. एमएन रक्तगटात एम, एन आणि एमएन तिन्ही वेगवेगळे ओळखता येतात. तिथे वर्गमुळाची गरजच नाही, प्रती मोजायच्या आणि भागायच्या. शिवाय तिथेच सूत्राची परीक्षाही घेता येते. वर्गमुळाने काढलेल्या क्यूने ती घेता येत नाही, कारण सूत्र खरं धरूनच तो काढलेला असतो. ही गोष्ट पाठ्यपुस्तकं घाईत ओलांडतात आणि मला ते खटकतं.

अटी तर असतातच : लोकसंख्या मोठी हवी, स्थलांतर नको, उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात नव्याने होणारा बदल, नगण्य हवं, नैसर्गिक निवड नको, जोडीदार त्या गुणाच्या दृष्टीने सरमिसळ हवेत. मुलं त्या घोकतात. माझ्या मते त्यांतली नीट समजून घ्यावी अशी शेवटची. एकदा दोन मुलांनी मजा म्हणून दोन खोक्यांतल्या जोड्यांचे कागद एकत्र केले. एका खोक्यात १०० मध्ये १० काळी, दुसऱ्यात ५०. सरासरी ३०, म्हणून मिश्र जोड्या ४२ टक्के हव्यात. आल्या ३४ च्या आसपास. मुलांना वाटलं मोजणी चुकली. मोजणी बरोबर होती. दोन खोक्यांतली बटणं एकमेकांना कधी भेटलीच नव्हती, नुसते कागद भेटले होते. दोन वेगळे समूह एकच समजून मोजले, की वाहक कमी भरतात आणि दोन्ही टोकांचे वाढतात, हे स्वीडनच्या स्टेन वाहलुंड यांनी १९२८ मध्ये मांडलं. म्हणजे सूत्र न जुळणं हीसुद्धा माहितीच आहे. आपण ज्याला एक लोकसंख्या म्हणतो ती एक नाही, असं ते सांगतं.

सूत्र न जुळल्यामुळे काय हाती लागू शकतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण १९२७ चं. नॉर्वेत जी. एच. एम. वालर यांनी ओस्लोतल्या शाळांतली मुलं रंगांधतेसाठी तपासली, सुमारे ९,००० मुलगे आणि जवळजवळ तितक्याच मुली. लाल-हिरव्याच्या रंगांधतेचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एकच एक्स, त्यामुळे मुलांतलं प्रमाण म्हणजे थेट क्यू. ते आलं ८ टक्के. मुलीकडे दोन एक्स, म्हणून तिथे क्यू² अपेक्षित : ०.०८ चा वर्ग ०.००६४, म्हणजे ९,००० मुलींत ५८ च्या जवळपास. सापडल्या ४०, ०.४४ टक्के. एवढा फरक कुणीही योगायोग म्हणून सोडून दिला असता. वालर यांनी सोडला नाही. त्यांनी म्हटलं, हे एक जनुक नसावं. लाल रंगाच्या जाणिवेचा दोष वेगळा आणि हिरव्याचा वेगळा. मुलांत पहिला साधारण २ टक्के, दुसरा ६. एका एक्सवर एक दोष आणि दुसऱ्यावर दुसरा असेल तर मुलीला रंग नीट दिसतात. तिला रंगांधता येण्यासाठी एकाच प्रकारचा दोष दोन्हीकडून यावा लागतो. आता वर्ग वेगवेगळे करा : ०.०२ चा वर्ग ०.०००४, ०.०६ चा ०.००३६. बेरीज ०.००४, म्हणजे ०.४ टक्के. कागदावर हे उतरलं, की मी दर वर्षी क्षणभर थांबते. डीएनए कसा दिसतो हेही माहीत नव्हतं तेव्हा एका माणसाने शाळकरी मुलींची संख्या थोडी कमी भरते एवढ्यावरून दुसरं जनुक हेरलं.

त्याआधी तीन वर्षं, १९२४ मध्ये, गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी रक्तगटांबाबत असंच केलं. तोवर समज होता की ए आणि बी या दोन वेगळ्या जनुकांच्या गोष्टी आहेत. तसं असतं तर एबी लोकांचं प्रमाण म्हणजे ए असणाऱ्यांचं आणि बी असणाऱ्यांचं प्रमाण यांचा सरळ गुणाकार यायला हवा होता. पहिल्या महायुद्धात ग्रीसमधल्या सालोनिकाच्या आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्सफेल्ड या जोडप्याने वेगवेगळ्या देशांच्या सैनिकांचे रक्तगट तपासून ठेवले होते. अशा आकडेवारीत एबी सतत कमी पडत होते. एकच जनुक आणि त्याची तीन रूपं धरली, की सगळं बसलं. कुठलंही कुटुंब समोर नसताना, निव्वळ टक्केवारीवरून.

इथपर्यंत लिहायला मला आनंद होतो. पुढचा भाग लिहावाच लागतो.

ज्या काळात हे पाढे मांडले गेले, त्याच काळात 'दोष असलेल्यांना मुलं होऊ दिली नाहीत तर दोष नाहीसा होईल' असं म्हणणारे लोक कायदे करत होते. १९०७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९२७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा तसाच कायदा उचलून धरला. १९३३ मध्ये जर्मनीत आला, आणि पुढे काय झालं ते जगाला माहीत आहे. त्या माणसांवर झालेला अन्याय हिशेबावर अवलंबून नाही; हिशेब बरोबर असता तरी तो अन्यायच होता. पण हिशेबही खोटा होता, आणि ते तेव्हाच दिसत होतं. आजारी माणसांना मुलंच झाली नाहीत असं धरलं, तर १ भागिले क्यू ही संख्या दर पिढीला फक्त एकाने वाढते. आज ती १०० असेल, तर २०० व्हायला, म्हणजे जनुक निम्मं व्हायला, १०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर २,५०० वर्षं. कारण तेच, १०० काळ्या बटणांतली ९९ निरोगी माणसांकडे. त्याच पनेट यांनी १९१७ मध्ये वेगळे आकडे धरून असा हिशेब छापला होता आणि उत्तर ८,००० वर्षांहून जास्त आलं होतं. ज्यांच्यावर सक्ती झाली त्यांच्याजवळ त्या जनुकाचा किरकोळ वाटा होता, आणि सक्ती करणाऱ्यांतल्या कित्येकांच्या अंगात त्याची प्रत असणार. हा तास घेताना माझा आवाज बदलतो, असं मुलं सांगतात.

फिनाइलकीटोन्युरियाचा शोधही एका आईच्या हट्टातून लागला. नॉर्वेत १९३४ मध्ये दोन मुलांची आई, दोन्ही मुलं मागे पडलेली, त्यांच्या अंगाला विचित्र वास का येतो हे विचारत दारोदार फिरली. आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं आणि मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकलं. रंग हिरवा झाला. तिथून पुढे सगळं. हे मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा डोळे पुसले. तिला कुणी 'कुणाकडून आलं' एवढंच विचारलं असतं तर, असं म्हणाला.

त्याला मी एवढं सांगितलं, की दोन्ही घरांकडून आलं. नक्की. एकाकडून येऊच शकत नाही. आणि चार पिढ्या काय, त्याहून मागेही ते तिथे असू शकतं, कारण वाहकाला वाहकच भेटावा ही शक्यता ५० मध्ये १ गुणिले ५० मध्ये १, म्हणजे २,५०० जोड्यांत एक, आणि त्यांच्याही चार मुलांत सरासरी एकालाच आजार. जनुक एवढा काळ मुकाट चालत आलं यात नवल नाही.

पाकीट तो घेऊन गेला. दोन्ही घरांत दाखवलं म्हणे.

परवा त्याच्या बहिणीचा फोन आला. तिचं लग्न झालंय, मूल हवंय, आणि प्रश्न हाच : मला किती भीती बाळगायला हवी? तिच्या भावाकडे प्रत आहे हे नक्की. ती आई-वडिलांपैकी एकाकडून आली, त्यामुळे बहिणीकडे असण्याची शक्यता अर्धी. नवऱ्याकडे ५० मध्ये १. दोघंही वाहक असतील तर मुलाला ४ मध्ये १. गुणाकार ४०० मध्ये १. मी तिला ते सांगितलं, आणि हेही सांगितलं की आता एवढ्यावर थांबायची गरज नाही. जनुकाची थेट तपासणी होते, आधी तू करून घे. तुझ्यात नाही निघालं, तर हा हिशेब इथेच संपतो.

तिने रक्त दिलं आहे. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईल. माझ्या वहीत तिच्या नावासमोर तोवर १/२ लिहिलेलं आहे, पेन्सिलीने.